डेमूतली धरलेली जागा

पटो न पटो, हे माझ्या सख्ख्या बहिणीसोबत घडलंय. आणि अजून संपलेलं नाही.

आम्ही पूर्णेचे. बुद्धाला मानणारं घर. भूत हा शब्द काढला तरी आमचे वडील, भगवानराव, ताटावरून उठवतात. म्हणून इथं लिहितोय.

सुकेशनीताई परभणीत नोकरीला. तिची नोकरी टिकली ती सकाळी वेळेवर पोचवणाऱ्या डेमूमुळे. दोन्ही टोकांना स्वतःचं डिझेल इंजिन असलेली ती गाडी. एक्स्प्रेस ज्या स्टेशनांकडे बघतही नाहीत, तिथं ती थांबायची. ताई इंजिनामागच्या डब्यात बसायची आणि शेजारी रुमाल टाकायची. मिरखेलला तिची मैत्रीण महानंदा चढायची, रुमाल उचलायची, बसायची.

अपडाऊनवाल्यांचा नियमच आहे. रुमाल टाकलेल्या जागेवर दुसऱ्यानं बसायचं नाही. आणि जिच्यासाठी जागा धरली, तिनं यायचंच.

मागच्या हिवाळ्यात महानंदा तापानं गेली.

महानंदाच्या समाजात मयताला बसवून पुरतात. घरातून न्यायच्या आधी ताईनं जागा धरायचा तो निळ्या काठाचा रुमाल तिच्या मांडीवर ठेवला. रडत म्हणाली, "आता तू माझी जागा धर गं."

मी शेजारीच उभा होतो. कुणालाच त्यात वावगं वाटलं नाही.

पुढं रुळांवर तारा ओढल्या. डेमू बंद झाली, विजेवरची गाडी आली.

पहिल्याच सकाळी ताई चढली आणि...

खिडकीजवळ तोच रुमाल. त्याला ओली माती लागलेली.

ती उभ्यानंच परभणीला गेली. दुसऱ्या दिवशीही तेच.

मग मी सोबत गेलो, तिची चेष्टा करत. गाडी खच्चून भरलेली. तरी त्या जागेवर कुणी बसेना. मी एका म्हाताऱ्याला म्हटलं, "बाबा, बसा की."

"न्हाई बा. जागा धरलेली हाय. ती बाई म्हनली ना आत्ताच."

"कोणती बाई?"

म्हाताऱ्यानं वळून पाहिलं... आणि घाईनं दाराकडं सरकला.

मी जागेवर हात ठेवला. ऊबदार होती. पायाखाली धडधड सुरू झाली, डिझेलचा वास आला.

विजेच्या गाडीत.

त्या दिवसापासून मी ताईला यष्टीनं पाठवू लागलो. माझी टरकली होती, खोटं कशाला बोलू.

काल जेवताना ती म्हणाली, "ती रोज जागा धरायलीय अन् मी जाईना. बरं दिसतंय का रे?"

मी चिडलो. ती ताट उचलून आत गेली.

आज सकाळी उठलो तर तिचा डबा नाही, चपला नाहीत.

फोन लावला. तिनं उचलला, पण बोलली नाही. मागं धडधड... आणि दोन बायकांचं हळू आवाजातलं हसणं.

वडील गाडीच्या आधीच मोटारसायकलनं परभणी स्टेशनवर पोचले, तिथून घरच्या दुसऱ्या फोनवर सांगतात: गाडी केव्हाच येऊन गेली. ताई उतरलेली नाही.

मी फोन अजून ठेवलेला नाही. स्पीकरवर टाकून हे लिहितोय. धडधड चालूच आहे...

दर स्टेशनावर थांबणारी ती गाडी, आता कुठंच थांबत नाहीये.