तिसऱ्या मजल्यावरची वाडी

लोकांच्या घरात झाडं लावून देणं हा माझा धंदा. पुण्याला त्याचा डिप्लोमा करून मी अलिबागला परत आलो. इथे दार उघडलं की माड आडवा येतो, त्यामुळे धंदा कसा चालत असेल ते तुम्हीच ठरवा.

ओळखीतल्या देवव्रतदादाचं काम मात्र खरं निघालं. त्याचे वडील, महादेवकाका, काशीदजवळच्या आपल्या वाडीत सुपारीच्या उंच पोफळीवरून पडले होते. ऐंशीच्या घरात आलेला माणूस वर चढला कशाला, हे त्यांना विचारायची कोणाची छाती नव्हती. खुब्याचं हाड जुळलं, पण डॉक्टरांनी वाडी बंद केली. दादाने त्यांना अलिबागला आपल्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आणलं. तिथे काकांनी भिंतीकडे तोंड केलं आणि जेवण सोडलं. चमचा-दोन चमचे पेज, तीही दादाची बायको, सुचित्रावहिनी, रडकुंडीला आली की. सोमवारपर्यंत असंच चाललं तर नाकातून नळी घालायची, असं डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं.

"वाडीतलं काहीतरी घरात आण," दादा म्हणाला. "तुझ्या डिप्लोम्याचा एकदा तरी कोणाला उपयोग होऊ दे."

मी खोलीची मापं घेत होतो, तेव्हा काका भिंतीला सांगावं तसं बोलले. "विचारून आण."

वाडीतून रोप हलवायचं तर आधी बुंध्याशी नारळ ठेवून सांगायचं, कुठे नेतोय, कशासाठी नेतोय, अशी त्यांच्याकडची रीत. मी सांगितलं. नीट सांगितलं. इमारतीचं नाव, बँकेच्या समोर, लिफ्ट बंद असली तर जिना मागच्या बाजूला. काकांची तब्येतही सांगितली. आणि कोणाच्याही घरून निघताना आपण म्हणतो तसं निघताना म्हणून गेलो, "या मग सगळे एकदा, सवडीने."

एक गुडघ्याएवढी पोफळ, एक मिरीचा वेल आणि थोडा अळू. एवढंच मी आणलं. बाल्कनीत मांडलं, फोटो काढले.

दुसऱ्या दिवशी वहिनीचा फोन आला. हॉलमध्ये ओल्या मातीचा वास येत होता, आणि कुजक्या सुपारीच्या सालांचा. कुंड्यांचा असेल, मी म्हटलं. मग फरशीवर पाणी दिसायला लागलं. स्वयंपाकघरातून बाल्कनीपर्यंत वीतभर रुंद ओल, वाडीत पाट काढतात तशी वळणावळणाने गेलेली. प्लंबर आला, नळ कोरडे असल्याचं सांगून आणि चहा पिऊन गेला.

मग खालच्या मजल्यावरच्या रुचिकाताई वर आल्या. त्यांची गळतीबद्दल तक्रार नव्हती. दुपारच्या वेळी सुपाऱ्या पाडायच्या असतील तर आधी सांगत जा, त्यांच्या बाळाची झोपायची वेळ असते, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. वहिनीने त्यांची माफी मागितली. दुसरं काय बोलणार?

सावल्या रविवारी आल्या.

मी तिथेच होतो. भर दुपारी हॉलच्या भिंतीवर सरळ, सडपातळ खोडं उभी राहिली. एकामागे एक, रांगेने, वर हलणारे शेंडे. मी बाल्कनीत जाऊन पाहिलं. समोर बँक होती आणि तिच्या गच्चीवर पाण्याची टाकी. माझी पोफळ अजून गुडघ्याएवढीच होती. वारा नव्हता.

आतून काकांची हाक आली. "माझी खुर्ची हॉलात घ्या."

आम्ही त्यांना धरून आणलं. त्यांनी भिंत वरपासून खालपर्यंत नीट बघितली. पाहुणे मोजावेत तशी. मग वहिनीला म्हणाले, "सूनबाई, भूक लागलीय."

वहिनीने भात वाढला. आमटी वाढली. काकांनी कालवला, खाल्ला, पुन्हा मागितला. दादा कोपऱ्यात उभा राहून डोळे पुसत होता आणि कांदा कापला म्हणत होता. कांदा कोणीच कापला नव्हता.

सोमवारची नळी टळली. मला इतका आनंद झाला की बिलात सूट द्यावी असं क्षणभर वाटून गेलं.

मग माझी नजर काकांच्या खुर्चीमागे गेली.

खुर्चीची सावली फरशीवर होती. सावलीतल्या खुर्चीत मात्र कोणी नव्हतं.

मी भिंतीवर वर पाहिलं. तिसऱ्या पोफळीच्या शेंड्याखाली कोणीतरी पाय आवळून बसलं होतं आणि एका हाताने सुपारीचा घड कापत होतं. सराईतासारखं, घाई न करता.

माझं तोंड उघडलं. दादाने माझा दंड धरला. त्यानेही पाहिलं होतं.

"गप," तो अगदी हळू म्हणाला. "जेवतायत ते."

वर काम संपलं. सुपारी काढणारे दर झाडाला उतरून परत चढत बसत नाहीत. झाडाला झोका देतात आणि वरच्या वर पुढचं झाड पकडतात. खोड वाकलं, सरळ झालं, आणखी वाकलं.

खुर्चीत काकांनी घास चावायचा थांबवला. वर न बघता त्यांनी डाव्या हाताने खुर्ची घट्ट धरली.