कर्दळीच्या वाफ्याखाली

आधी आवाज ऐकला, की आधी पाण्याची पातळी उतरलेली पाहिली, हे उन्मेषसरांना आता खात्रीने सांगता येत नाही. पातळी आधी पाहिली असेल, तर आवाज त्यांच्या भीतीनेच ऐकवला असेल.

शिरगावच्या बागेत नाल्याचं पाणी शुद्ध करायला त्यांनी कृत्रिम पाणथळ आखली होती. खड्ड्याला जाड प्लास्टिकचं अस्तर, वर खडी, खडीत कर्दळ आणि पाणकणीस. घाण पाणी मुळांमधून झिरपत जाऊन नितळ बाहेर पडायचं. अस्तर गळकं निघालं, तर मात्र शेजारच्या चाळीच्या बोअरचं पिण्याचं पाणी नासणार होतं. म्हणून सरांनी आधी टँकरचं पाणी भरून पाहिलं. संध्याकाळी खडीत रोवलेल्या तपासणीच्या नळीत डोकावले, तर पाणी बरंच खाली गेलं होतं.

बाग रिकामी होत होती. गुडघे टेकून त्यांनी नळीला कान लावला. खोल कुठेतरी दगडावर दोर घासत होता... मग डुबुक. मग बांगड्या, अगदी हलक्या. ओल्या दगडाचा गार वास वर आला.

"सर, नळीशी काय गप्पा मारता?" मागून हरिचंद्र हसला. जमीन पूर्वी त्याच्या घराण्याची. आता बागेचं कंत्राटही त्याचंच. "रविवारी उद्घाटन हाय. सोडा नाल्याचं पाणी, टेन्शन कशाला घेता!"

"इथे विहीर होती का हो?"

"कुठली विहीर? भाताची खाचरं होती. नकाशा बघा ना."

त्याची आई मोतीबाई बाकावर बसली होती. तिने पदर तोंडाशी धरला. "हरी... सांग त्यांना."

"आये, गप."

"माझी थोरली जाव बुडली त्या पान्यान," ती कोणाकडेच न बघता पुटपुटली. "तवापासून त्या विहिरीचं नाव काडत नाय आमी. नाव काडत नाय, तं नकाशावर कशी येल?"

पुन्हा दोर घासला. हरिचंद्रने पाय मागे घेतला.

अस्तर फाटलंय, असं ठणकावून सांगून सरांनी पाणथळ पलीकडच्या कोपऱ्यात हलवायला लावली. अस्तर उचललं, तेव्हा त्यावर एकही चीर नव्हती. म्हातारा बिथरला, असं लोक म्हणाले. सरांनाही अधूनमधून तसंच वाटे.

पुढे काही वर्षांनी पाणथळीच्या पहिल्या जागी टाकीसाठी खोदकाम निघालं, तेव्हा सर काठी टेकत गेले. जड शिळेखाली विहीर होती. गाळातून तांब्याचा हंडा वर काढला. पाण्यात पडून राहिलेलं तांबं काळंहिरवं पडतं, हे त्यांनी आयुष्यभर शिकवलं होतं. हा नुकता घासल्यासारखा लखलखत होता. त्यांनी काठावर बोट फिरवून नाकाशी नेलं.

ताज्या चिंचेचा वास येत होता.