दोन बोटे सैल

मेलेली स्त्री आपल्या दागिन्यासाठी परत येते, ही कथा मी आजवर तीन तऱ्हांनी ऐकली आहे. एका पाठात ती दागिना हिसकावून नेते, दुसऱ्यात विकणाऱ्याच्या मानगुटीवर बसते, तिसऱ्यात दाराशी उभी राहून नुसती मागत राहते. आज सांगतो तो पाठ यांपैकी कशातच बसत नाही, कारण इथे ती काहीच मागत नाही. शिवाय तो मी ऐकला तो खुद्द दाजींकडून, माझ्या थोरल्या बहिणीच्या यजमानांकडून. दार तेवढे लोटून घ्या, पोरांनो.

दाजी पटवेकरी होते. मोती रेशमात ओवून देणे हा त्यांचा धंदा. आमच्या संस्थानच्या राणीसाहेबांना दागिन्यांचा षौक दांडगा, पण जीव मोत्यांच्या एका कंठ्यावर. दरवर्षी रेशीम विटले की दाजींना बोलावणे येई. शेवटची गाठ घालायची ती घालणारीच्या गळ्यावर, हा त्यांच्या धंद्यातला नेम. राणीसाहेब त्या वेळी कंठ्याखाली स्वतःची दोन बोटे सरकवत. तेच माप.

"घट्ट झालं की जीव घुसमटतो रे माझा."

"माझ्या हातून होणार नाही, बाईसाहेब," असा शब्द दाजींनी दिला होता.

राणीसाहेब गेल्या. वारसांनी सगळे विकायला काढले. लिलावाच्या आदल्या दिवशी, अकरा तारखेच्या गुरुवारी, दाजी लिलावघराच्या मागच्या खोलीत कंठा ओवत बसले होते. तिथल्या व्यवस्थापकांना सगळे पाठीमागे 'आटपासाहेब' म्हणत, कारण दुसरा शब्द त्यांच्या तोंडी क्वचितच येई.

"नऊ मोती काढा, आजोबा. दागिना मांडायची ही मखमलीची मान लहान आहे, कंठा लोंबतोय."

"माप बदलू नये, साहेब. मी शब्द दिलाय."

"त्या आता घालायला येणार आहेत का? आटपा. नाहीतर उद्यापासून दुसरा माणूस बघतो."

घरी माझी बहीण अंथरुणाला खिळलेली होती. काम सुटून चालणार नव्हते. दाजींचे डोळे चुरचुरत होते, पाठ भरून आली होती. वाद घालायलासुद्धा त्राण लागते. त्यांनी नऊ मोती काढून पुडीत बांधले, मखमलीवर कंठा आवळला, शेवटची गाठ घातली आणि रेशमाचे टोक कापले.

रात्री साडेआठला आटपासाहेबांनी ती मान काचेच्या पेटीत ठेवली, कुलूप लावले आणि किल्ली घेऊन निघून गेले. दाजी सुया आवरत राहिले.

पावणेनऊ झाले. पेटीची काच आतून धुरकटली. निवळली. पुन्हा धुरकटली... कोणी श्वास टाकावा तशी.

"काका, ते पळाले नाहीत?"

पळायला गुडघे लागतात, बाळा. दाजी एकाहत्तर वर्षांचे होते. ते बसूनच म्हणाले,

"बाईसाहेब... चुकलं."

काचेवरची वाफ दाटली. आता ती निवळत नव्हती. आत कोणीतरी अडखळत होते. घशात. थांबून थांबून...

दाजी उठले. कुलूप ओढले. निघेना. त्यांनी काचेवर कपाळ टेकले आणि दरवर्षी विचारीत तसे विचारले,

"दोन बोटं?"

...

काच निवळली.

सकाळी आटपासाहेबांनी स्वतः कुलूप काढले आणि तिथेच थबकले. "आजोबा, हे सैल कसं झालं?"

रेशीम अखंड होते. गाठ दाजींचीच होती. नऊ मोती पुडीतच होते. कंठा मात्र मानेपासून सुटा लोंबत होता, आणि त्याच्याखाली मखमलीची लव दबली होती, शेजारी शेजारी, दोन ठिकाणी.

आटपासाहेबांनी तिच्यावर ब्रश फिरवला. लव उठली नाही.