तिसऱ्या हालचालीचा सहावा आकडा

सकाळी साडेसहा वाजता सोसायटीच्या पार्किंगमध्ये चौदा माणसं राखी रंगाच्या अंगरख्या घालून दोन ओळींत उभी होती. पंधराव्या हेमलता वाळवेकर. त्या मागच्या ओळीत अगदी टोकाला उभ्या होत्या आणि मनातल्या मनात चरफडत होत्या.

"आपली हालचाल मूळचालीपासून एकोणचाळीस टक्के ढळली आहे," अंगरखीने त्यांच्या कानात गोड आवाजात सांगितलं. "कृपया मूळचालीप्रमाणे करा."

"मूळचाल माझीच आहे, बये!" बाई मोठ्याने म्हणाल्या. पुढचे दोघेजण वळून हसले. अंगरखीने मात्र काहीही मनावर न घेता पहिल्या हालचालीचे गुण सांगितले. शंभरपैकी एकसष्ट.

अठ्ठावीस वर्षं सांगलीच्या कन्याशाळेत पी.टी. शिकवलेल्या बाईला स्वतःच्याच कवायतीत एकसष्ट! बाईंच्या डोक्यात तिडीक गेली. शाळेत एवढे गुण मिळवणाऱ्या मुलीला त्यांनी मैदानाला दोन फेऱ्या मारायला लावल्या असत्या.

खोटं काही नव्हतं. नऊ वर्षांपूर्वी पुण्याच्या एका प्रयोगशाळेत अंगभर टिकल्या चिकटवून बाईंनीच ही चाळीस मिनिटांची कवायत करून दाखवली होती. उड्या नाहीत, धापा नाहीत. सांधे न दुखवता अंग मोकळं करायचं आणि हळूहळू बळकट करायचं. ऐंशीच्या आजोबांना खुर्चीत बसून जमावी आणि बाळंतिणीलाही झेपावी अशी. तेव्हाची बाईंची प्रत्येक हालचाल, प्रत्येक श्वास यंत्राने टिपून घेतला. तीच मूळचाल. अंगरखीच्या अस्तरात केसाएवढे बारीक आकसतंतू विणलेले असत. त्यांना किंचित वीज मिळाली की ते आखडत आणि घालणाऱ्याचं अंग हळूच मूळचालीकडे ओढत. कोपर कुठे न्यायचं, बरगड्या कधी फुलवायच्या, हनुवटी कुठे ठेवायची, सगळं अंगालाच समजायचं. आता राज्यात अकरा लाख लोक ती अंगरखी घालत होते.

बाईंनी मात्र ती आजवर अंगाला लावली नव्हती. आपलीच कवायत आपल्याला कोण शिकवणार, हा एक ताठा. आणि त्या नोंदीचा दिवस त्यांना आठवायला नको असे, हे दुसरं. पण यंदा उजवा खांदा आखडला, वेणी घालता येईना, आणि डॉक्टरांनी अंगरखीच लिहून दिली. बाईंनी तिथेच हात टेकले.

"बाई, आता तिसरी हालचाल," शेजारच्या इंदूताई माने दबक्या आवाजात म्हणाल्या. "मला लई भ्या वाटतं हिचं."

इंदूताई तळमजल्यावर पिठाची गिरणी चालवायच्या. पंचवीस किलोचा डबा एका हाताने उचलणारी बाई. पण गेल्या वर्षी अंगरखी घेतल्यापासून रोज सकाळी, कवायत करता करता, त्यांच्या छातीत धस्स व्हायचं. मिरजेच्या मोठ्या डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या आणि हृदय ठणठणीत आहे असं सांगितलं. इंदूताईंचा विश्वास बसला नाही. डॉक्टर आपल्यापासून लपवतात, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. दोन महिने गिरणी बंद होती. हुबळीला मुलीचे दिवस भरत आले होते आणि ही बाई जायला तयार नव्हती. गाडीत काही झालं तर पोरीला कोण बघणार, एवढंच म्हणायची.

तिसरी हालचाल सुरू झाली. पायांत खांद्याएवढं अंतर. उजवा हात डोक्यावरून, कंबर डावीकडे झुकलेली, नजर समोर. एक, दोन, तीन, चार, पाच. सहाव्या आकड्याला अंगरखीच्या गळपट्टीने बाईंची मान हलकेच डावीकडे वळवली. त्याच क्षणी कमरेचा पट्टा आवळला आणि श्वास अर्ध्यावर अडकला.

चौदाच्या चौदा माना डावीकडे वळलेल्या बाईंना दिसल्या. सगळे पार्किंगच्या कोपऱ्यात बघत होते. कोपऱ्यात काहीच नव्हतं.

"इथंच," इंदूताई पांढऱ्या पडून म्हणाल्या. "बघा, इथंच धस्स होतंय."

त्याचं कारण बाईंना माहीत होतं. नोंदीच्या दिवशी डावीकडे स्टूल होतं. पुण्याच्या प्रयोगशाळेत, डावीकडे, स्टुलावर त्यांचा मोबाइल होता.

कवायत अर्धवट सोडून त्या तडक घरी आल्या आणि कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन लावला.

"आपला विक्षेप एकोणचाळीस टक्के आहे," तिथल्या आवाजाने सांगितलं. "सराव वाढवा."

"माझा विक्षेप गेला खड्ड्यात. मूळचालीत चूक आहे."

"मूळचालीत चूक असू शकत नाही. विक्षेप मूळचालीवरूनच मोजला जातो. आणखी काही मदत हवी आहे का?"

हेच चार दिवस चाललं. बाईंनी तक्रार लिहिली, तर त्यांना खांद्याच्या व्यायामाचं पत्रक आलं. पुन्हा लिहिली, तर तेच पत्रक कन्नडमधून आलं. शेवटी जुनी डायरी धुंडाळून त्यांनी मिहिर भागवतचा नंबर काढला. नोंदीच्या वेळी टिकल्या चिकटवणारा तो हडकुळा पोरगा आता कंपनीच्या चालविभागाचा प्रमुख झाला होता.

"मॅडम, सहाव्या आकड्याला नाडी वाढते हे आम्हाला ठाऊक आहे," तो उत्साहाने म्हणाला. "जवळजवळ सगळ्यांचीच वाढते. आम्ही त्याला परमोच्च क्षण म्हणतो. जाहिरातीतही आहे ते, हृदयाला आपोआप व्यायाम!"

"तो व्यायाम नाही. ती भीती आहे," बाई म्हणाल्या. "माझी."

"म्हणजे?" मिहिरने विचारलं.

"मान वळवून, श्वास धरून उभं राहिलं की छाती धडधडायला लागते. अंगाला ते घाबरणंच वाटतं. माझ्या इंदूताईंना वाटतंय की आपण आता जाणार. असे किती जण असतील, मोजलंत कधी?"

मिहिरने मोजलं नव्हतं. पण पोरगा प्रामाणिक निघाला. आठवड्याने त्याचा फोन आला तेव्हा आवाजातला उत्साह गेला होता. त्याने संगणकावर ती मान सरळ करून पाहिली होती. पण टाचेपासून जबड्यापर्यंत सगळे स्नायू एकमेकांना धरून असतात. एक कडी बदलली की चाल कळसूत्री होते, आणि चाचणीतल्या माणसांच्या पाठी भरून आल्या. जिवंत अंगाचीच नोंद हवी होती. म्हणून त्याने पुण्यातले चार उत्तम प्रशिक्षक बोलावले. अंगरखीशिवाय त्यांच्याकडून कवायत करून घेतली.

"मग?"

"चौघांनीही सहाव्याला डावीकडे बघितलं, मॅडम. सगळे नऊ वर्षं अंगरखीवरच तयार झालेत. त्यांना कळलंसुद्धा नाही. मी सांगितल्यावर एकाने ठरवून मान सरळ ठेवली, तर त्याचा श्वास अडकला. तुमच्याखेरीज कुणाकडे जाणार? तुम्ही अंगरखीवर शिकलेल्या नाहीत."

"अरे, माझा खांदा वर जात नाही."

"जाईल तेवढाच जाऊ दे. कवायत सगळ्यांसाठी आहे, हे तुम्हीच सांगायचात."

रविवारी सकाळी कन्याशाळेच्या सभागृहात नोंद ठरली. मिहिर पुण्याहून सामान घेऊन आला. सोबतीला इंदूताई आल्या आणि छातीवर हात ठेवून खुर्चीत बसल्या. डावीकडे स्टूल नव्हतं, मोबाइल बाईंनी घरीच ठेवला होता. अंगरखीपेक्षा पातळ असं नोंदवस्त्र बाईंनी अंगात चढवलं. अंगरखीसारखीच गालाच्या कडेपर्यंत येणारी त्याची गळपट्टी टोचत होती.

पहिल्या नोंदीत सहाव्या आकड्याला बाईंची मान डावीकडे वळली.

"पुन्हा," बाई म्हणाल्या.

दुसऱ्या नोंदीत त्यांनी डोळे मिटून घेतले. मिटल्या डोळ्यांनी मान वळली. तिसऱ्या वेळी दात आवळले, तर मान राहिली पण श्वास तटला, आणि पडद्यावरची नाडीची रेघ ताडकन वर गेली. मिहिरने नोंद पुसून टाकली. चौथ्या वेळी आकडा पाचवरच आला होता, तोवर बाईंच्या मानेचे स्नायू आपणहून आखडायला लागले.

"नाही होत माझ्याच्यानं!" त्या जमिनीवर बसल्या. रडू येत होतं आणि त्याचाच जास्त राग येत होता. पोरींना ताठ उभं करण्यात त्यांचा जन्म गेला होता, आणि आता स्वतःची वीतभर मान ऐकत नव्हती.

"एवढं काय होतं हो त्या स्टुलावर?" इंदूताईंनी विचारलं.

बाईंनी हे कुणालाच सांगितलं नव्हतं. भावालाही नाही.

"आई मिरजेला दवाखान्यात होती. भाऊ म्हणाला होता, काही वाटलं तर फोन करतो. मी पुण्याला कवायत करत होते. तिसऱ्या हालचालीत, सहाव्या आकड्याला फोनचा दिवा लागला. आवाज बंद ठेवला होता मी, नोंदीत नको म्हणून."

"मग घेतला न्हाई?"

"आकडा सुरू झाला की मध्ये तोडायचा नाही. अठ्ठावीस वर्षं मीच पोरींना सांगत आले. दोनच आकडे उरले होते. ते पुरे केले. मग दुसरी बाजू आली, तिचे आठ. दिवा विझला. नंतर भाऊ म्हणाला, आईला तुझा आवाज ऐकायचा होता. सोळा मोजेपर्यंत सगळं संपलं होतं."

मिहिर मान खाली घालून वायरी गुंडाळत बसला. ती नोंद सगळ्यात स्वच्छ आली म्हणून त्या दिवशी त्यानेच टाळ्या वाजवल्या होत्या, हे त्याला आठवलं असावं.

इंदूताई खुर्चीतून उठल्या. छातीवरचा हात काढून त्या बाईंसमोर आल्या.

"उठा, बाई. आकडे मी म्हणते. तुम्ही नुसतं अंग हलवा."

"तुम्हाला त्रास होईल."

"हुईल तर हुईल. उठा म्हणते ना!"

बाई उठल्या. मिहिरने यंत्र सुरू केलं. इंदूताईंच्या आकड्यांना ना चाल होती ना ताल. दाणे टाकून जात्याचा अंदाज घ्यावा तशा त्या थांबत थांबत मोजत होत्या. एक. दोन. आखडलेला खांदा जमेल तेवढा वर गेला. तीन. चार. कंबर झुकली. पाच म्हणता म्हणता इंदूताईंनी आपला उजवा तळवा बाईंच्या डाव्या गालावर ठेवला.

तळवा खरखरीत आणि उबदार होता. दोन महिने गिरणी बंद असली तरी सकाळच्या भाकऱ्यांचं ज्वारीचं पीठ त्याच्या रेघांत राहिलं होतं, त्याचा वास येत होता. त्यांनी मान धरली नाही, ढकलली नाही, हात नुसता गालावर राहू दिला.

"सहा," त्या म्हणाल्या. आणि पुढचा आकडा म्हणायचं सोडून गप्प उभ्या राहिल्या.

मान त्या तळव्यापाशी येऊन थांबली. थोडा वेळ तिथेच थरथरली. मग अडकलेला श्वास बाईंच्या तोंडातून आवाज करत बाहेर पडला, आणि त्यांच्या डोळ्यांतलं पाणी इंदूताईंच्या बोटांवर ओघळलं. बऱ्याच वेळाने इंदूताई सात म्हणाल्या.

"आली," मिहिर पडद्याकडे बघत हळूच म्हणाला. "नाडी शांत आहे. नजर समोर."

त्याने ती चाल इंदूताईंच्याच अंगरखीत भरली. इंदूताई अंगरखी घालून उभ्या राहिल्या आणि तिसरी हालचाल सुरू झाली. एक ते पाच झाले. सहा झाला. इंदूताई समोर बघत राहिल्या, श्वास आत घेतला, बाहेर सोडला.

"न्हाई झालं," त्या म्हणाल्या. मग पुन्हा म्हणाल्या, "बाई, धस्स न्हाई झालं!" आणि लगेच त्यांनी स्वतःचा डावा गाल चाचपला. "पण कुणी हात लावला मला? माझी आई ताप बघायला असाच हात लावायची."

मिहिरने पडदा जवळ घेतला. गळपट्टीवर, डाव्या बाजूला, तळव्याएवढा हलका दाब नोंदला गेला होता. चाल टिपताना यंत्राने तोही टिपला होता.

"हा काढता येईल, मॅडम," तो म्हणाला. "गळपट्टीचा दाब वेगळाच नोंदला जातो. तो काढला तर चालीला धक्का लागणार नाही. काढू की ठेवू? उद्या सकाळी सगळ्यांच्या अंगरख्यांत नवी चाल जाईल. अकरा लाख. तुम्ही सांगाल तसं."

बाईंनी दाराकडे पाहिलं. सभागृहाच्या दारात इंदूताई फोनवर लेकीला विचारत होत्या की हुबळीची गाडी सकाळची बरी पडेल की दुपारची, आणि येताना डिंकाचे लाडू आणू का. मिहिरचं बोट पडद्यावर थबकलेलं होतं.

नऊ वर्षं अकरा लाख माणसांनी बाईंची भीती अंगावर वागवली होती, आणि त्यांना कुणी विचारलं नव्हतं. आता रोज सकाळी, कुठल्या तरी गावात, कुठल्या तरी पार्किंगमध्ये, कुणाच्या तरी गालाला एक उबदार हात लागणार होता. ज्याला आई आहे त्याला, आणि ज्याची गेली त्यालाही. त्यांना तरी विचारायचं कुणी?

बाईंनी आपल्या डाव्या गालाला हात लावला. तिथे थोडं पीठ लागलं होतं.

"मॅडम," मिहिरने पुन्हा विचारलं, "ठेवू का?"