फाटकात अडकलेला दहाचाकी

उरणला जलीलशेटच्या यार्डाला फाटक एकच, आणि नेमका त्यातच दहाचाकी ट्रक बसलेला. मागच्या गाड्यांनी भोंगे वाजवून कान किटवले होते. केबिनमध्ये दिपेश ड्रायव्हरचा जीव गुदमरत होता. खाली उतरायची बंदी, लायसन्स शेटच्या खिशात. मुद्दाम गाडी मोडल्याचा आळ एकदा चिकटला, की उरणात त्याला कोणी हातगाडीही देणार नव्हतं!

ट्रकच्या बाजूनं, फाटकाच्या खांबाला अंग घासत प्रणाली घरत आत शिरली. शेटनं बोलावलेली गुप्तहेर हीच. मागून पोट सांभाळत तिचा साथीदार हुझैफा.

"यानंच कोणाचे तरी पैसे खाऊन गाडी मोडली!" जलीलशेट कडाडला. "खाऱ्या हवेनं केबिनचा पायाखालचा पत्रा सडला, याचा पाय कापला, म्हणून काल मीच त्यावर जाड रबरी पट्टा टाकला. आणि यानं असे पांग फेडले!"

मेकॅनिक परेशनं हातातली पुडी सोडली. आतला चकचकीत लोखंडी चुरा वाऱ्यानं भुरभुर उडाला. "गिअरबॉक्सच्या तेलातून काढला, ताई. एवढी पळालेली गाडी, त्यात यानं गिअर रेटले. दात गेले. बॉक्सच बदलायला हवा."

"झालं, लागला निकाल!" हुझैफा म्हणाला.

"घाई नको," प्रणाली म्हणाली. "दिपेश, सकाळी काय झालं?"

"हँडब्रेक कमजोर हाय, म्हणून रात्री पहिल्या गिअरातच लावतो. सकाळी क्लच दाबून स्टार्टर मारला, तरी गाडीनं उडी मारली. कशीबशी इथवर आली. दुसरा गिअर न्हायच पडत, नुसता करकरतो."

"पायात चप्पल होती?"

"केबिनात चप्पल? लक्ष्मी हाय ती, ताई!"

"बरं. इंजिन बंद कर. आता टाक गिअर."

दिपेशनं दांडा हलवला. एकेक गिअर लोण्यात सुरी जावी तसा पडला. इंजिन चालू केलं, पुन्हा करकर. त्याला काहीच उमगेना.

प्रणाली हसली. "तुटलेले दात इंजिन बंद केल्यावर परत उगवत नाहीत. गिअरबॉक्स धडधाकट आहे. क्लच पुरता सुटत नाही, म्हणून तर तो दाबूनही गाडीनं उडी मारली. कालपर्यंत सुटत होता. मग रात्रीत बदललं काय? शेट, तुमचा पट्टा! पॅडल त्याच्यावरच अडतंय."

"मग तो चुरा?" हुझैफानं विचारलं.

"तेलातून काढलेला चुरा वाऱ्यानं उडतो होय? परेशभाऊ, ग्राइंडरखालचा ना? मोठं काम पदरात पाडायला बिचाऱ्या ड्रायव्हरचा बळी देत होतात!"

परेशचा चेहरा पडला. त्यानं पुडी मुठीत चुरगळली.

दिपेशनं पट्टा ओढून बाहेर फेकला. पॅडल खालपर्यंत गेलं, दुसरा गिअर अलगद पडला आणि ट्रक फाटकाबाहेर आला. दिपेशला रडूच फुटलं.

जलीलशेट धावत खिडकीशी आला. खिशातलं लायसन्स काढून पुढे केलं. "माफ कर, बाबा. पाय परत कापेल तुझा." त्यानं स्वतःच्या पायातल्या चपला काढून वर धरल्या. "आजच्या दिवस घाल."

दिपेशनं लायसन्स कपाळाला लावलं आणि चपला परत दिल्या.

"लक्ष्मीत न्हाय घालणार, शेट. पत्रा बदला."