हेमाआत्याचं चालतं बोट

परातभर तांदळातला बारीकसा खडा घरातल्या सगळ्यांच्या आधी शोधणारी हेमाआत्याची बोटं प्रशिक्षण केंद्रात मात्र सपशेल नापास का होत होती? सन दोन हजार एकोणपन्नासमध्ये दहा वर्षांच्या जुईला या कोड्यानं अगदी हैराण करून सोडलं होतं.

हेमाआत्या म्हणजे जुईच्या बाबांची धाकटी बहीण. विसाव्या वर्षी आजारपणात तिची दृष्टी गेली आणि पुढची सहा वर्षं घरात बसून गेली. कऱ्हाडजवळ अंध व्यक्तींना कारखान्यातलं काम शिकवणारं केंद्र निघालं, तेव्हा तिनं पहिल्याच दिवशी नाव घातलं. काम होतं चंद्रावरच्या वसाहतीच्या दारांना लागणाऱ्या धातूच्या रिंगा तपासण्याचं. रिंगेवर केसाहून बारीक चरा असला, तरी तिथून आतली हवा निसटून जाते. चकचकीत धातूवर उजेड इतका चमकतो, की कॅमेऱ्याचीही फसगत होते. म्हणून बोटं हवी होती.

परीक्षा साधी होती. बारा रिंगांमधली एक सदोष रिंग ओळखायची. आत्या दोनदा चुकली होती. आज तिसरी आणि शेवटची संधी होती, आणि तीही हुकली तर नोकरी गेलीच म्हणायची. शाळेला सुट्टी होती, म्हणून जुई धीर द्यायला सोबत आली होती. खरं तर धीराची गरज तिलाच जास्त होती.

परीक्षेआधी सराव सुरू झाला. सखा नावाच्या यंत्रमानवानं आत्याचं मनगट हळुवार धरलं, तिचं बोट रिंगेवर टेकवलं आणि गोड आवाजात बोट स्थिर ठेवायला सांगितलं. मग उचललं, थोडं पुढे टेकवलं. आत्या मुकाट्यानं सांगेल तसं करत होती.

जुईला राहवेना. केंद्राचे प्रमुख शास्त्रज्ञ तडवी सर बाजूलाच उभे होते. तिनं त्यांना सरळ विचारलं, "सर, घरी आत्याचं बोट एका जागी ठरतच नाही. इथं ते धरून का ठेवलंय?"

नीट कळावं म्हणून, असं सर समजावू लागले. कॅमेरा हलला की चित्र पुसट येतं, तसंच बोटही... आणि सर बोलता बोलता थांबले. मग त्यांनी आत्यालाच विचारलं, तुम्हाला काय वाटतं?

आत्या हळूच म्हणाली, "धरून ठेवलं की मला काहीच कळत नाही, सर. पहिल्या दिवसापासून. पण तुम्ही सगळे माझ्यासाठी एवढं करता, त्यात मी खोट कशी काढायची?"

सर स्टूल ओढून तिच्यासमोर बसले. "चूक माझी आहे, हेमाताई. हे मी आधीच विचारायला हवं होतं."

मग त्यांनी जुईला डोळे मिटायला लावले आणि तिचं बोट आधी एका कागदावर, मग दुसऱ्यावर नुसतं टेकवलं. दोन्ही कागद सारखेच वाटले. बोट सरकवायला सांगितल्याबरोबर तिला कळलं, की एक गुळगुळीत आहे आणि दुसरा किंचित खरखरीत.

सर म्हणाले, आपल्या त्वचेत स्पर्शग्राहक (स्पर्शाची बातमी मेंदूला पोचवणारी सूक्ष्म केंद्रं) असतात. त्यांतले काही दाब ओळखतात. काही मात्र कंपनं (झपाट्यानं होणारी थरथर) झाली तरच जागे होतात. बोट सरकलं की त्याच्यावरच्या बारीक रेषा चऱ्याला अडखळतात, त्वचा थरथरते आणि बातमी मेंदूकडे निघते. बोट स्थिर असलं की थरथर नाही, आणि थरथर नाही तर बातमीही नाही. डोळस माणसांनी डोळ्यांचा नियम बोटांना लावून ठेवला होता, तोही अगदी मनापासून.

सखाला आत्याचं मनगट सोडायची आज्ञा मिळाली आणि परीक्षा सुरू झाली. आत्याची बोटं रिंगांवरून अलगद फिरू लागली. पाचवी रिंग तिनं चटकन बाजूला काढली. बरोबर! जुई उडी मारणार, तोच आत्यानं नववीही बाजूला ठेवली. सरांच्या यादीत नववी निर्दोष होती.

सरांनी नववी रिंग सूक्ष्मदर्शकाखाली धरली. पुन्हा धरली. चरा तिच्यावरही होता. मग त्यांनी नुसतंच सांगितलं, की निर्दोष ठरलेली ही रिंग उद्या चंद्राकडे निघणार होती.

आत्या पास झाली. सर तिचे आभार मानायला लागले, तर तिनंच हात जोडले. "सहा वर्षं सगळ्यांनी माझं भलंच केलं, सर. त्यांचे उपकार आहेतच. पण 'तुला कसं जमतं?' हे मला कुणी विचारलं नव्हतं. तुम्ही विचारलंत." तिचे डोळे भरून आले होते. सरांनाही चष्मा पुसावा लागला.

सोमवारी पाच जणांची नवी तुकडी येणार होती. त्यांचा पहिला तास आत्यानं घ्यायचा, आणि सखानं मागे बसून शिकायचं, असं तिथल्या तिथं ठरलं.

संध्याकाळी घरी परतताना आत्यानं विचारलं, चंद्र उगवलाय का? जुईनं मान वर करून पाहिलं आणि अर्धा दिसतोय म्हणून सांगितलं.

"मग तिथल्या लोकांना सांग," आत्या हसून म्हणाली, "निवांत झोपा. दार मी तपासलंय."