राक्षसाचा डोळा आणि मेथीचा वास

"वाळवीनं खाल्लं!" वाचनालयाचे चिटणीस दिनकरराव जांभई देत म्हणाले.

"नेमका दुसरा भाग?" मनकर्णा किंचाळली. "काका, दिवाळीच्या सुट्टीसाठी राखून ठेवला होता मी!"

गोष्टीत राक्षसाने अख्ख्या गावाची झोप चोरलेली, ती परत आणायला कुंभाराची पोर त्याच्या गुहेत शिरलेली, आणि तिथेच पहिला भाग संपलेला! तेव्हा राज्यकारभाराची भाषा उर्दू, म्हणून मानवतच्या शाळेतही सगळं उर्दूत. मराठी गोष्टी वाचायच्या तर गावात हे एकच कपाट, आणि आता तेही निम्मं रिकामं.

बाहेर येताच तिचा वर्गमित्र लिंबाजी म्हणाला, "लय शहाणी वाळवी हाय! पुस्तकं फस्त केली अन् लाकडाच्या फळीला तोंड बी लावलं न्हाई!"

"मातीचा कण बी न्हाई तिथं," दुसरा सवंगडी शिवाप्पा याने मान हलवली. "काका थापा मारायलेत."

दुपारी तिघे दिनकररावांच्याच घरी फराळाला गेले. त्यांच्या बायकोने, पार्वतीकाकूंनी, लाडवांची टोपली पुढे केली. भिजवलेल्या कागदाचा लगदा मेथी घालून कुटायचा आणि मडक्यावर थापायचा, अशा टोपल्या गावात घरोघरी होत्या. काकूंची मात्र आतून चित्रं चिकटवून नटवलेली! शिवाप्पाने लाडू उचलला, तर खालून एक लालभडक डोळा त्याच्याकडे बघत होता.

"अगं बाई, आपल्या गोष्टीतला राक्षस!" मनकर्णा पुटपुटली. तिने हातातला लाडू खाली ठेवला. ज्याच्यासाठी आपण जीव टाकतो, त्याच्या डोळ्यावर तूप ओघळतंय! शी!

"काकू, टोपली झकास हाय," ती कशीबशी म्हणाली. "कुठं करता?"

"परसात. बघ की जाऊन!"

परसात पाऊल टाकताच लिंबाजीने नाक दाबलं. रांजणात कागद कुजत होता. वर माशा घोंघावत होत्या आणि त्या आंबट घाणीत मेथीचा कडवट वास मिसळला होता. मनकर्णाने कोपरापर्यंत हात घातला. एखादं तरी पान? छे! हाताला नुसता गिळगिळीत, करडा चिखल लागला. तिला भडभडून आलं. ओकारीही आणि रडूही.

शेजारी पोतं होतं. त्यात वाचनालयाची धडधाकट पुस्तकं, भिजवायला काढलेली!

"पळवू या!" लिंबाजी म्हणाला.

"म्हंजे चोर आपणच ठरू," मनकर्णाने डोळे पुसले. "थांबा जरा."

ती काकूंकडे गेली. "काकू, उद्या पाडव्याला वाचनालयात लाडू ह्याच टोपलीतून वाटू या? अन् पोतं आज भिजवू नका. उद्या सगळ्या बायांना तुमचं काम दाखवता येईल!"

काकू अशा फुलल्या की विचारू नका!

पाडव्याला अध्यक्ष बसवंतअप्पांनी पहिला लाडू उचलला. त्यांनीच ही पुस्तकं पुण्याहून स्वतः आणली होती. लाडवाखाली राक्षसाचा डोळा, आणि डोळ्याशेजारी वाचनालयाचा जांभळा शिक्का!

"दिनकरराव, हे काय?"

"अप्पा... जुनी रद्दी हो. घरी कामाला आली. कोण वाचतंय ती?"

"आमी वाचतो!" तिघे एकदम ओरडले, आणि लिंबाजीने काकूंच्या परसातून आणलेलं पुस्तकांचं पोतं धाडकन समोर ठेवलं.

अप्पांनी लाडू परत ठेवला. "किळस आली मला तुमची," ते म्हणाले. मग पोरांकडे वळले. "शाब्बास रे! इतके मोठे आमी, पण आमच्यातल्या एकानं बी कपाटात डोकावून बघितलं न्हाई. दिनकरराव, सुट्टी संपेपर्यंत रोज पोरांना वाचून दाखवायचं. हीच शिक्षा!"

दिनकररावांनी त्या कपाटातलं एकही पुस्तक कधी उघडलेलं नव्हतं. आधी ते जांभया देत वाचत होते. मग जांभया थांबल्या. कुंभाराची पोर गुहेत शिरली तेव्हा तर त्यांचा आवाज कापत होता. आणि पहिला भाग संपला.

दुसऱ्या दिवशी उजाडताच ते मनकर्णाच्या दारात उभे! डोळे लाल, केस विस्कटलेले.

"पोरी, तिचं पुढं काय झालं गं? रात्रभर डोळ्याला डोळा न्हाई लागला!"

मनकर्णाने हात हुंगला. कितीदा धुतला, तरी तो वास जात नव्हता.

"मला काय इचारता, काका?" ती म्हणाली. "ते तुमच्याच टोपलीत हाय."